अटींच्या अधीन राहून

सरकारी परवानगीच्या कागदाचे नेहमी दोन भाग असतात. वरच्या भागात 'परवानगी देण्यात येत आहे' हे वाक्य असते, आणि ते वाचताच अर्जदाराच्या जिवात जीव येतो. खालच्या भागात 'पुढील अटींच्या अधीन राहून' एवढे शब्द येऊन मग एक, दोन, तीन असे आकडे लागलेले असतात. हा दुसरा भाग वाचण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडत नाही. वैद्याकडून आणलेल्या पुडीची जी गत होते तीच येथे होते. पुडी आपण आठवणीने मधात कालवून घेतो. परंतु 'आंबट खाऊ नये, जागरण करू नये' हे पथ्य मात्र वैद्यबुवांच्या ओसरीवरच ठेवून येतो. पुढे दुखणे बळावले म्हणजे औषधाला दोष देण्यास आपण मोकळे!

मला मात्र अलीकडे या खालच्या भागाचीच विलक्षण गोडी लागली आहे. माझा असा समज होत चालला आहे की, परवानगीच्या कागदाचा वरचा भाग मागणाऱ्याचा असतो आणि खालचा भाग न मागणाऱ्यांचा असतो. ज्यांनी अर्ज केलेला नाही, ज्यांना त्या कचेरीत बसावयास कोणी खुर्चीही दिली नसती, ज्यांना त्या जागी काही बांधावयाचे नाही व काही विकावयाचेही नाही, केवळ तेथून चालत जावयाचे आहे किंवा घटकाभर टेकावयाचे आहे, अशा असंख्य माणसांचा त्या व्यवहारात जो काही वाटा उरतो, तो त्या आकडे लावलेल्या वाक्यांत उरतो.

हा विचार माझ्या मनात घर करून बसला तो आमच्या फुटाळा तलावामुळे. नागपूरकराला समुद्र नाही. मुंबईचा समुद्र येथून रेल्वेने आठशे किलोमीटरांहून अधिक दूर. तेव्हा पाण्याच्या काठी जाऊन बसण्याची जी मनुष्यमात्राची हौस, ती आम्ही अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर अशा तलावांवर भागवून घेतो. फुटाळा हा भोसल्यांच्या काळातला, १७९९ सालचा. शेतीला पाणी मिळावे म्हणून बांधलेला. संध्याकाळी त्याच्या काठावर उभे राहून भाजलेला भुट्टा खात पलीकडे मावळणारा सूर्य पाहणे हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विलास. आणि भुट्ट्याचे पैसे सोडले तर तो फुकट आहे.

या तलावावर काही वर्षांपूर्वी एक मोठा बेत आकाराला आला. संगीताच्या तालावर नाचणारे कारंजे, ते पाहणाऱ्यांसाठी प्रेक्षागार, गाड्या ठेवण्यासाठी इमारत, पाण्यावर तरंगणारे उपाहारगृह, आणि या सर्वांवर कडी म्हणजे एक कृत्रिम वटवृक्ष! येथील एका संस्थेने न्यायालयात धाव घेतली. तिचे म्हणणे असे की, फुटाळा ही पाणथळ जागा आहे, आणि पाणथळ जागांच्या रक्षणासाठी २०१७ साली जे केंद्रीय नियम झाले त्यांच्या आधारे येथे असले काही करता येणार नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला हे २०२३ साली पटले नाही, आणि ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. नियमांतील व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मनुष्याने मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. आणि फुटाळा तर सिंचनासाठीच बांधलेला. सव्वादोनशे वर्षे पावसाचे पाणी साठविले, पाखरे पोसली, मासे वाढविले, तरी जन्म मनुष्याच्या हातून झाला एवढ्यावरून त्या बिचाऱ्याचे गोत्र निराळे ठरले!

तथापि निकाल एवढ्यावर संपत नाही. तलावात कायमचे बांधकाम होऊ नये, तो स्वच्छ व निरोगी राहावा, त्यातील जलचरांना अपाय पोहोचू नये, ही उच्च न्यायालयाने घालून दिलेली बंधने सर्वोच्च न्यायालयानेही राखली. शिवाय एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. निसर्गाने दिलेल्या पाण्याचे सरकार हे केवळ विश्वस्त असते, मालक नव्हे, हे जे तत्त्व आहे ते मनुष्यनिर्मित जलाशयालाही लागू पडते. म्हणजे वरचा भाग कारंज्याला मिळाला आणि खालचा भाग तलावाला मिळाला. फुटाळ्याचे पुढील आयुष्य आता या दोनतीन वाक्यांच्या हवाली आहे. ती वाक्ये किती बळकट असतात, हे पाहावयाचे तर तलाव सोडून समुद्राकडेच गेले पाहिजे. कारण पथ्यांची ही वही तेथे अधिक जुनी आणि अधिक तपशीलवार आहे.

१९८१ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी समुद्रकाठच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा राखण्यास कळविले. पत्र म्हणजे काही कायदा नव्हे. परंतु पुढे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनाऱ्यासंबंधीची अधिसूचना निघाली. तिच्या एका परिशिष्टात शहराबाहेरच्या मोकळ्या किनाऱ्यावर हॉटेल किंवा विश्रामधाम बांधू इच्छिणाऱ्यांसाठी अटी दिल्या आहेत. त्या वाचताना मला तरी एखाद्या दक्ष गृहिणीने नव्या भाडेकरूला घर दाखवावे तसे वाटले. भरतीरेषेपासून २०० मीटरांच्या आत बांधू नका. इमारत दोन मजल्यांहून व ९ मीटरांहून उंच नको. सर्व मजले मिळून बांधलेले क्षेत्र जागेच्या ३३ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. वाळूच्या टेकड्या सपाट करू नका. वाळू उपसू नका. २०० मीटरांच्या आत विहीर खोदून भूजल ओढू नका. आणि लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून कोणत्याही दोन हॉटेलांच्या मध्ये निदान २० मीटर रुंदीची जागा मोकळी सोडा.

या अटींपैकी प्रत्येकीच्या मागे कोणीतरी उभे आहे. वाळूच्या टेकडीमागे वादळाच्या रात्री तिच्या आडोशाने वाचणारे गाव आहे. भूजलाच्या अटीमागे शेजारच्या वाडीतली गोड्या पाण्याची विहीर आहे. किनाऱ्यालगत गोडे पाणी फार उपसले की त्याच्या जागी खारे पाणी शिरते, आणि एकदा खारी झालेली विहीर सहजासहजी गोडी होत नाही. आणि त्या २० मीटरांच्या मोकळ्या जागेतून डोक्यावर पाटी घेतलेली मासळीवाली बाई चालत जाते, सुटीसाठी मामाच्या गावी आलेली पोरे धावत जातात, आणि आयुष्यात प्रथमच समुद्र पाहावयास निघालेला एखादा वैदर्भीयही जातो. ही मंडळी परवानगीच्या कागदावर कोठेही सही करीत नाहीत.

अट चांगली कशाला म्हणावे? जी दोरीने मोजता येते ती. २० मीटर म्हणजे २० मीटर; तेथे वाद नाही. परंतु त्याच वाक्याच्या पुढच्या अर्धात मोठी मौज झाली आहे. या मोकळ्या जागांमधील अंतर कोणत्याही परिस्थितीत ५०० मीटरांहून कमी असू नये, असे तेथे लिहिले आहे. वास्तविक लिहिणाऱ्याच्या मनात असे असावे की, चालणाऱ्याला निदान ५०० मीटरांवर तरी वाट सापडावी. शब्द मात्र नेमके उलट बोलतात. वाट ५०० मीटरांच्या आत असता कामा नये. पाच किलोमीटरांवर असली तरी अटीचा भंग होत नाही! २०११ साली अधिसूचना नव्याने निघाली, तेव्हाही हे वाक्य तसेच उतरविले गेले. अटींचा हा भाग कोणी वाचीत नाही, अशी जी तक्रार मी आरंभी केली, तीत लिहिणाऱ्यांचाही समावेश करावा की काय असा मोह होतो.

दुसरी खोड व्याकरणाची आहे. आपल्या कचेऱ्यांतील अटींची भाषा पाहा. 'योग्य ती दक्षता घेण्यात यावी', 'पर्यावरणाला बाधा पोहोचणार नाही याची खबरदारी घेण्यात यावी', 'सांडपाण्याची विल्हेवाट लावण्यात यावी'. शाळेत गुरुजी वाक्यातील कर्ता ओळखावयास सांगत. या वाक्यांत तो कोणी शोधून दाखवावा. घ्यावी कोणी? लावावी कोणी? आणि न घेतल्यास विचारावयाचे कोणी? कर्त्यावाचून क्रियापद चालविण्याची सोय आपल्या भाषेत फार पूर्वीपासून आहे. परंतु तिचा असा उपयोग होईल असे व्याकरणकारांच्या स्वप्नातही आले नसेल.

आता एका स्पष्ट लिहिलेल्या अटीची हकीकत सांगतो. गोव्यात पणजीजवळ दोनापावल भागात वांयगिणीचा एक लहानसा किनारा आहे. तेथे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस एक मोठे हॉटेल उभे राहू लागले. चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या थोर वास्तुशिल्पकाराने त्याची रचना केली. तेव्हा ते देखणे होते यात शंका नाही. हॉटेलाच्या कंपनीसाठी सरकारने लगतची जमीन संपादन केली आणि १९८३ साली करार झाला. त्या जमिनीतून लोकांची किनाऱ्यावर जाण्याची जुनी पायवाट होती. म्हणून लोकांना किनाऱ्यावर जाण्यायेण्याचा हक्क राहील, अशी अट करारात घातली गेली. अट स्वच्छ होती, कर्ता होता, कर्म होते. तरीही जेथून वाट जावयाची त्या जमिनीवर हॉटेलाचा विस्तार उभा राहिला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले. २० जानेवारी २००९ रोजी न्यायालयाने लोकांच्या बाजूने निर्णय दिला: वाट मोकळी झाली पाहिजे आणि तिच्या आड आलेले विस्ताराचे बांधकाम पाडले पाहिजे.

१९८३ पासून २००९ पर्यंत सव्वीस वर्षे होतात. करार झाला त्या दिवशी दहा वर्षांचा असलेला त्या गावातला मुलगा निकालाच्या दिवशी छत्तीस वर्षांचा झाला होता. आपल्या मुलाला समुद्रावर नेताना त्याला 'येथून वाट होती' असे सांगावे लागले असेल. आणि निकालाने तरी गोष्ट संपावी! परंतु त्याच वर्षी गोव्याच्या सरकारने भूसंपादनाच्या कायद्यातच पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि ते बांधकाम वाचविण्याची वाट काढली. लोकांच्या वाटेला सव्वीस वर्षे लागली. ही वाट काही महिन्यांत तयार झाली.

अटीचा भंग होताच पुढे काय होते, याची पुराणात एक कथा आहे. गंगेने शंतनूला वरले ते अट घालून: मी जे करीन त्याला आड यावयाचे नाही व मला विचारावयाचेही नाही. आठव्या पुत्राच्या वेळी राजाने ती अट मोडली आणि त्याच क्षणी गंगा निघून गेली. त्या कथेत अटीला इतका धाक आहे, कारण अट घालणारी स्वतः समोर उभी आहे आणि तिचे ज्या गोष्टीवाचून अडते तीही तिच्याच हातात आहे. आपल्या कागदावरच्या अटींचे दुर्दैव नेमके येथे आहे. त्या घातल्या जातात लोकांसाठी, लिहितो अधिकारी, पाळावयाच्या असतात मालकाने, आणि मोडल्या तर लोकांना तेथून निघून जाण्याखेरीज काही करता येत नाही. गंगेचे निघून जाणे ही शिक्षा होती. लोकांचे निघून जाणे ही तर मालकाची सोयच होते.

म्हणूनच न्यायालयांना ते विश्वस्ताचे तत्त्व धुंडाळावे लागले. ते आपल्याकडे ठामपणे आणले गेले तेही एका विश्रामधामाच्याच निमित्ताने. हिमाचलात बियास नदीच्या काठी एका मोटेलाने आपली जागा वाचविण्यासाठी चक्क नदीचा प्रवाह वळविला होता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो भाडेपट्टा रद्द केला आणि सांगितले की, अशा गोष्टी सरकारला खासगी मालकीला देऊन टाकता येत नाहीत. तत्त्व जुने आहे. सम्राट जस्टिनियनच्या काळी, म्हणजे सहाव्या शतकात, जी रोमन विधिसंहिता झाली, तीत हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा काठ ही सर्वांच्या सामाईक वस्तूंत मोजली आहेत. फ्रान्सने १९७६ च्या एका कायद्याने समुद्रकाठच्या खासगी जमिनींतून पायी जाणाऱ्यांसाठी तीन मीटरांची पट्टी राखली. तीन मीटर म्हणजे काय? दोन माणसे बोलत बोलत जातील आणि समोरून येणाऱ्याला वाट देतील, एवढे. परंतु तेवढ्यासाठीही कायदा करावा लागला.

येथे हॉटेलवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. त्याने पैसा घातलेला असतो, दोनशे माणसांना काम दिलेले असते, आणि खिडकीतून समुद्र पाहण्यासाठी पैसे मोजणारा पाहुणा हाही लोकांपैकीच एक असतो. फुटाळ्याच्या कारंज्याला ज्यांनी टाळ्या वाजविल्या तेही नागपूरकरच होते. शिवाय अट ही कधी कधी खंडणीचे रूप घेते. कॅलिफोर्नियात एका कुटुंबाला आपले समुद्रकाठचे जुने बंगलीवजा घर पाडून मोठे बांधावयाचे होते. तेथील किनारा आयोगाने परवानगी दिली, परंतु घरासमोरच्या वाळूवरून लोकांना चालू द्यावे अशी अट घातली. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाचविरुद्ध चार मतांनी ती फेटाळली. कारण असे दिले की, नवे घर अडविणार होते ते रस्त्यावरून होणारे समुद्राचे दर्शन, आणि अट होती वाळूवरून चालण्याची. दोहोंचा संबंध काय? मला हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ वाटत नाही. पथ्य रोगाला धरून असावे. पोटदुखीवर औषध देणाऱ्या वैद्याने 'माझ्या मुलीच्या लग्नाला आहेर पाठवा' अशी अट घातली तर तिला पथ्य म्हणता येणार नाही. परंतु वांयगिणीची वाट अशी नव्हती. जी होती तीच राहू द्या, एवढेच मागणे होते.

अटी मोडल्या जातात ही एक गोष्ट. त्या आकसतात ही दुसरी. १८ जानेवारी २०१९ च्या नव्या अधिसूचनेत किनाऱ्यावरील ग्रामीण भागाचे दोन वर्ग केले आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक वस्ती असेल तेथे भरतीरेषेपासूनचा मोकळा पट्टा २०० मीटरांऐवजी ५० मीटरांचा झाला. दाट वस्तीच्या गावांतील लोकांना घरे बांधण्यास जागा नाही, ही अडचण खरी आहे, आणि तिच्यासाठी काही सवलत हवी होती हेही खरे. परंतु समुद्राला जनगणना ठाऊक नसते. जेथे माणसे अधिक तेथे त्याने लाट आखूड टाकावी, असा काही त्याच्याशी करार झालेला नाही.

पाण्याला कागद वाचता येत नाही, हे आम्ही नागपूरकरांनी समुद्रावाचूनच अनुभवले आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. १८७० साली बांधलेला अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहिला, नाग नदी फुगली, आणि तलावाखालच्या वस्त्यांतून झोपेतली माणसे छातीभर पाण्यातून बाहेर काढावी लागली. काहींचे प्राण गेले. ज्यांची घरे बुडाली त्यांतील नागरिक न्यायालयात गेले, आणि सांडव्यासमोर उभारलेल्या स्मारकाने पाण्याची वाट अडली, असे त्यांनी तेथे मांडले. धरणाच्या तोंडाशी किती जागा मोकळी ठेवावी, नाल्याची रुंदी किती असावी, हे सारे प्रश्न एरवी रटाळ वाटतात. त्या पहाटेनंतर ते कोणालाही रटाळ वाटू नयेत. अट म्हणजे पुढे केव्हातरी येणाऱ्या पाण्यासाठी आधीच राखून ठेवलेली जागा असते. किनाऱ्यावरच्या २० मीटरांतून रोज माणसे जातात. सांडव्यापुढच्या मोकळ्या जागेतून पन्नास वर्षांत एकदाच पाणी जाते. दोन्ही वाटा रिकाम्या दिसतात, म्हणून दोन्हींवर कोणाची तरी नजर जाते.

मग सामान्य माणसाने करावे काय? न्यायालयात जाणे प्रत्येकाला झेपत नाही. परंतु एक लहानशी सोय आहे व तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणाची जी मंजुरी मिळते, तिच्यातील अटी आपण कितपत पाळल्या याचा अहवाल प्रकल्पवाल्याने वर्षातून दोनदा, १ जून व १ डिसेंबर या दिवशी, द्यावयाचा असतो; आणि तो अहवाल सार्वजनिक असतो, कोणालाही पाहता येतो. पथ्य पाळले की नाही हे रोग्यानेच वैद्याला लिहून कळवावयाचे, असा हा प्रकार असल्यामुळे त्यात फार मोठी सत्ये सापडतील अशी आशा बाळगू नये. परंतु शेजारी जर तो कागद हातात घेऊन विहिरीच्या पाण्याची चव पाहू लागला, दोरी घेऊन वाटेची रुंदी मोजू लागला, तर रोग्याच्या लेखणीला पुष्कळ वळण लागते.

आषाढी व कार्तिकी या दोन एकादश्या आपल्या घरांत कोणी विसरत नाही. ज्यांना उपास झेपत नाही तेही त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी अगत्याने खातात. दिनदर्शिकेत या दोन तारखांनाही तशीच खूण करून ठेवावी असे मला वाटते. १ जूनला पाऊस दाराशी आलेला असतो आणि १ डिसेंबरला तो येऊन गेलेला असतो. पाण्याची वाट मोकळी आहे की नाही, आणि माणसाची वाट मोकळी आहे की नाही, हे पाहण्यास याहून चांगले दिवस वर्षात नाहीत.